ब्रेक ऑइल

मुंगीने गाडी घेतली तेव्हा तिच्या थोरल्या भावाने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या टायरला बुटाच्या टोकाने ठोकर दिली आणि म्हणाला, "मुंगीला पंख फुटले म्हणायचे!"

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहान चणीची, कमी बोलणारी, हातातलं काम संपल्याशिवाय मान वर न करणारी, म्हणून ती चार वर्षांची असताना दादानेच ठेवलेलं. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती, रसायनशास्त्रातल्या दोन पदव्या आणि एकोणीस वर्षांची नोकरी गाठीशी होती, पण दादाच्या तोंडी मुंगी ती मुंगीच. मुंगीला पंख फुटतात ते मरायच्या आधी, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवरा हसला, वहिनी हसली, तीही हसली. तिला तेव्हा राग आला नाही. राग नंतर आला, आणि आला तो मुक्कामालाच आला.

गाडी नऊ वर्षांची, छोटी, विटेच्या रंगाची. हौसेची नव्हती. शहराचं पाणी जिथे शुद्ध होतं ते केंद्र बावीस किलोमीटरवर, टेकडीवर होतं. तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी सहा वाजता तिने हजर राहून सही करायची होती, आणि त्या बाजूची पहिली बस साडेसहाला सुटायची. या जागेसाठी ती अकरा वर्षं थांबली होती. मध्ये दोनदा जागा रिकामी झाली, दोन्ही वेळा दुसऱ्यांना गेली, आणि दोन्ही वेळा साहेबांनी एकच कारण दिलं, "बाई, तुम्ही इतक्या पहाटे येणार कशा?" या खेपेला साहेबांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माझ्या गाडीने." तेव्हा तिच्याकडे गाडी नव्हती. पंधरा दिवसांत तिने ती शोधून घेतली. एक तारखेला हजर झाली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल, असं आदेशात स्वच्छ लिहिलं होतं.

"गॅरेजला कशाला द्यायची?" दादा म्हणाला. "जुन्या गाडीचं सर्व्हिसिंग म्हणजे असतं काय? ऑइल, फिल्टर, प्लग. अर्ध्या दिवसाचं काम. मी आहे ना!"

दादाला गाड्यांतलं कळतं, ही गोष्ट घरात सूर्य पूर्वेला उगवतो तितकी मान्य होती. फरक एवढाच, की सूर्याचं कुणीतरी तपासून पाहिलेलं आहे.

रविवारी सकाळी दादा जुनी चादर आणि पान्यांची पेटी घेऊन तिच्या इमारतीखाली आला. बाह्या वर करून गाडीखाली शिरला. मुंगी शेजारी उकिडवी बसून पाने देत होती.

"बारा नंबर दे. बारा म्हणालो, चौदा नाही. डोळे कुठे आहेत?"

काळंकुट्ट जुनं तेल परातीत उतरलं, मधासारखं नवं तेल इंजिनात गेलं. फिल्टर बदलला, प्लग बदलले. जाणारे-येणारे शेजारी थांबत होते आणि दादा गाडीखालून त्यांना व्याख्यान देत होता. शेवटी बॉनेट लावता लावता त्याची नजर कोपऱ्यातल्या दुधी रंगाच्या छोट्या टाकीवर गेली.

"ब्रेक ऑइल जरा खाली गेलंय. ऑइल दे."

डब्यात तळाशी थोडं तेल उरलं होतं. तिने डबा उचलून त्याच्या हातात दिला. त्याने दोन घोट ओतलं, झाकण फिरवलं, हात पुसले आणि म्हणाला, "झालं! आता लोण्यासारखी पळेल बघ."

पहिले चार-पाच दिवस पळालीही. मग एके संध्याकाळी दादाच्या घरासमोर गाडी थांबवताना तिला जळका वास आला. दादा शेजारच्या सीटवर होता. तो शेजारी बसला की सगळा रस्ता उजवा पाय गाडीच्या तळाशी दाबत बसायचा, जणू तिथेही एक ब्रेक आहे आणि गाडी त्याच्याच कृपेने थांबते आहे.

"काहीतरी जळतंय," ती म्हणाली.

"तुझा ब्रेक जळतोय. तू ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस."

"मी नाही ठेवत."

"तुला कळत नाही गं. सगळ्या बायका ठेवतात. तुझ्या वहिनीला म्हणून तर मी गाडी देत नाही."

यावर चिडायला हवं होतं. पण गाडी चालवायला तिला दादानेच शिकवलं होतं, लग्नाआधी, वडिलांच्या गाडीवर. तेव्हापासून गाडीत काही बिघडलं की तिचं लक्ष आधी आपल्या पायाकडे जायचं. त्या आठवड्यात तिने पातळ तळाच्या चपला घातल्या, ब्रेक सोडला की पाय पूर्ण बाजूला घेऊ लागली. तरी वास येतच राहिला. उतार असला तरी गाडी आपणहून पुढे सरकेना, कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी अडून राही.

मग तिने वही घातली. प्रयोगशाळेत लांबून तापमान मोजायचं एक यंत्र होतं, पिस्तुलासारखं. ते मागून घेतलं आणि रोज गाडी थांबवल्यावर चारही चाकांवर धरायला लागली. पुढची दोन एकशेचाळीस अंशांच्या आसपास, मागची दोन नव्वद. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. इमारतीतले लोक बघायचे, बाई चाकांना गोळ्या का घालतेय.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे मामा म्हणत. तो गिऱ्हाइकांना मामा बनवतो म्हणून, असं दादाचं मत होतं; तरीही मुंगी गाडी तिथे घेऊन गेली तेव्हा दादा सोबत आला, कारण बाईमाणसाला एकटीला पाहून तो जास्तच बनवेल.

मामाने हात पुसत दादाला विचारलं, "काय त्रास आहे साहेब?"

"त्रास गाडीला नाही मामा, चालवणाऱ्याला आहे."

दोघे हसले.

"चारही चाकं तापतात," मुंगी म्हणाली. "पुढची जास्त, मागची कमी, पण तापतात चारही. माझ्याकडे आकडे आहेत."

मामाने वहीकडे पाहिलं आणि दादालाच विचारलं, "ताई नवीन शिकल्यात का?"

"वीस वर्षांपूर्वी शिकलीय. पण सवय सुटत नाही ना."

"ब्रेकवर पाय. बरोबर. पॅड बदलून टाकू."

"ब्रेक ऑइल एकदा बघता का?" ती म्हणाली.

मामाने बॉनेट उघडून टाकीकडे बाहेरूनच एक नजर टाकली. "लेव्हल एकदम टॉपला आहे, ताई."

"ते मी भरलंय," दादा म्हणाला, आणि विषय मिटला. झाकण कुणी उघडलं नाही. पॅड बदलले. तिसऱ्या दिवशी पुढची चाकं पुन्हा एकशेचाळीसवर.

आता तिला राग यायला लागला होता, पण अजून त्याला पत्ता नव्हता. कुणावर यायचं ते ठरत नव्हतं, म्हणून तो भांड्यांवर निघत होता. आपला पाय खरंच आपल्या नकळत ब्रेकवर जातो का, हे शंभर वेळा मनाला विचारून कळणार नव्हतं. ते मोजावं लागणार होतं. आणि मोजायची सोय गाडीतच होती: ब्रेकवर पाय पडला की मागचे लाल दिवे लागतात. पाय खोटं बोलेल, दिवा कशाला बोलेल?

नवऱ्याला गाडी येत नव्हती. तो स्कूटरचा माणूस. रविवारी सकाळी गोदामांच्या रिकाम्या, सरळ, सपाट रस्त्यावर तिने त्याला मागे यायला सांगितलं. "माझे लाल दिवे किती वेळा लागतात ते मोजायचं. दुसरं काही बघायचं नाही." चार किलोमीटर ती पुढे, तो मागे. तिने पुढे बसून आपण ब्रेक किती वेळा दाबला ते मोजलं. थांबल्यावर दोघांनी आपापले आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहिले. तिचा आकडा सात. त्याचाही सात. आणि चाकं? तापलेलीच.

पाय निर्दोष सुटला होता. त्या रिकाम्या रस्त्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती चक्क नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून मोकळी झाली.

तेच कागद घेऊन दोघे दुपारी दादाकडे गेले. दादाने ते चष्मा वर करून वाचले आणि तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याकडे वळला.

"काय हो जावईबापू, नीट मोजलेत ना? स्कूटर सांभाळायची, खड्डे बघायचे, दिवे मोजायचे, एवढं सगळं एका वेळी?"

"मोजले ना," नवरा म्हणाला.

"ऊन समोर असलं तर दिवा लागलेला कळतसुद्धा नाही. नक्की सातच?"

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "म्हणजे... सात-आठ असतील."

मुंगीने कागदांची घडी घातली. घडीची आणखी घडी घातली. प्रयोगशाळेत कुणी 'सात-आठ' असं लिहून आणलं असतं तर तिने तो कागद परत केला असता. नवरा परत करता येत नाही. परतीच्या वाटेवर रागाला अखेर पत्ता सापडला. एक नव्हे, दोन.

"अगं, त्यांचा मान ठेवावा लागतो," घरी आल्यावर नवरा म्हणाला. "मोठे आहेत. एका आकड्यावरून काय एवढं?"

"मग माझा कोण ठेवणार?" ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

एक तारखेला चार दिवस उरले. रस्त्याची सवय व्हावी म्हणून ती सकाळीच केंद्रापर्यंत जाऊन यायला निघाली. नवरा मुकाट्याने शेजारी येऊन बसला. चढ गाडीने कण्हत कुंथत पार केला. फाटकासमोरच्या टपरीवर नवऱ्याने फळांच्या रसाचं एक खोकं घेतलं, तिने जाळीतून पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या पाहिल्या, त्यांच्या पलीकडची दोन खिडक्यांची खोली पाहिली, आणि दोघे परत फिरले.

उताराच्या निम्म्यावर तिने ब्रेक दाबला आणि तो खाली गेला. नेहमीसारखा अडून थांबला नाही. चिखलात पाय जावा तसा गेला, थेट तळाला. गाडी तशीच पळत राहिली.

ओरडायला वेळ नव्हता. तिने ब्रेक सोडून पुन्हा दाबला, पुन्हा, पुन्हा. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला, इंजिन किंचाळलं. दुसऱ्यावरून पहिल्यावर. हँडब्रेक दोन दोन दात करत वर ओढला. समोर वळण, वळणापलीकडे काय ते दिसत नाही. डाव्या हाताला रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग होता. तिने गाडी त्यात घातली. खडी बॉनेटवर तडतडली आणि गाडी थांबली.

नवऱ्याच्या मांडीवर रस सांडला होता. तो समोर बघत म्हणाला, "सात होते."

"काय?"

"दिवे. मी मोजले होते. सातच होते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि खाली उतरली.

तिने बॉनेट उघडलं, निवायला दहा मिनिटं दिली, आणि त्या रविवारनंतर कुणीच उघडलं नव्हतं ते त्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं. आतली रबराची चकती झाकणाच्या बाहेर लोंबत होती. फुगलेली, वेडीवाकडी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. झाकणात ती पुन्हा बसणंच शक्य नव्हतं. टाकीत दोन थर होते. खालचा पातळ, वरचा दाट, मधासारखा.

मधासारखा.

तिने नवऱ्याच्या हातातल्या खोक्याची नळी काढून घेतली, स्वच्छ पुसली, वरच्या थरात बुडवून वरचं तोंड अंगठ्याने दाबलं, आणि नळी पाण्याच्या बाटलीवर आणून अंगठा सोडला. थेंब पाण्यात पडले आणि तरंगत राहिले. त्यांच्याभोवती इंद्रधनुष्यासारखी पातळ साय पसरली.

"म्हणजे काय?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे हे इंजिनचं तेल आहे. पण एका थेंबावर बोलायचं नाही. समोर धरायला खरं पाहिजे. उताराखाली सुट्या भागांचं दुकान आहे. तिथून ब्रेक ऑइलची बंद बाटली घेऊन ये."

तो धावतच गेला. अर्ध्या तासाने बाटली घेऊन आला. तिने सील तोडलं, पाण्याच्या दुसऱ्या स्वच्छ बाटलीत दोन थेंब टाकले. ते पाण्यात विरघळून दिसेनासे झाले. तिने बाटली फिरवून लेबल वाचलं. त्यावर कुठेही ऑइल लिहिलेलं नव्हतं. 'ब्रेक फ्लुइड' असं लिहिलं होतं, आणि खाली लाल अक्षरांत: यात कोणतेही तेल मिसळू नये.

सगळं जग त्याला ब्रेक ऑइल म्हणतं. मामा म्हणतो, ज्या दुकानदाराने ती बाटली दिली तोही म्हणाला असेल, आताच ती स्वतः म्हणाली होती. आणि ते तेल नाहीच. तेलाने आतली रबरं फुगतात, फुगली की ब्रेक दाबल्यावर परत सुटत नाहीत, सुटले नाहीत की चाकं तापत राहतात; सपाटीला नुसती तापतात, लांब उताराला आतला द्रव उकळतो आणि पाय तळाला जातो. अख्खी साखळी तिला एका दमात दिसली. सगळ्यांत टोकाची कडीही दिसली: 'ऑइल दे' म्हटल्यावर डबा उचलून देणारा हात. प्रयोगशाळेत लेबल वाचल्याशिवाय ती कुणाला एक बाटली उघडू देत नसे. त्या रविवारी तिने लेबल वाचलं नव्हतं, कारण मागणारा दादा होता.

तिने फोन लावला.

"दादा, त्या रविवारी ब्रेक ऑइलच्या टाकीत काय घातलंस?"

"काय घातलंस म्हणजे? ऑइल घातलं! ब्रेक ऑइलमध्ये दुसरं काय घालणार, दूध?"

"गॅरेजवर ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

टोचन करून गाडी मामाकडे न्यायला दोन तास गेले. दादा आधीच येऊन खुर्चीवर बसला होता. मामाने झाकण उघडलं, लोंबणारी चकती बोटांनी उचलली, तेल दोन बोटांत चोळलं आणि हळूच म्हणाला, "आयला." मग या गॅरेजमध्ये पहिल्यांदाच तो सरळ तिच्याकडे बघून बोलला, "ताई, हे कुणी घातलं?"

दादा उठला.

"अरे, थोडं तेल गेलं तर गेलं. काढून टाक ना. पूर्वी तर आम्ही—"

"साहेब, काढून भागत नाही. वरपासून चाकांपर्यंत जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलायचं. पाइप धुवायचे. सामान बाहेरून मागवावं लागेल. सहा दिवस कुठे गेले नाहीत. आणि ताई या गाडीने उतार उतरल्या म्हणता?" त्याने कपाळावरचा घाम पुसला, तिथे काळा पट्टा उमटला. "चुकलं ताई माझं. मी झाकण उघडायला पाहिजे होतं."

"उघडायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मी सांगितलंही होतं."

मामाने मान खाली घातली. आता सगळे दादाकडे बघत होते. दादाने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला.

"चूक झाली असेल," तो म्हणाला.

"झाली असेल?" मुंगीचा आवाज चढला नाही, तिचा कधी चढत नसे. पण मामाने हातातला पाना खाली ठेवला. "मामा म्हणाले, चुकलं माझं. तुझी झाली असेल. ती काय आपणहून होते? महिनाभर तू माझ्या पायाला नावं ठेवलीस. मी आकडे आणले, तू माझ्या नवऱ्याची उलटतपासणी घेतलीस. आज आम्ही दोघं त्या वळणापलीकडे गेलो असतो, तरी तू लोकांना सांगितलं असतंस, बिचारी, ब्रेकवर पाय ठेवून चालवायची."

"मुंगी, तोंड सांभाळ. मी तुझ्या भल्यासाठी रविवार घालवला."

"माझं भलं करताना लेबल वाचायला किती वेळ लागतो?"

"ठीक आहे, ठीक आहे. आता रागावून काय होणार? एक तारीख पुढे ढकलून घे."

"ती ढकलत नाहीत. माणसाला ढकलतात."

"मग मी आहे ना! गाडी होईपर्यंत रोज पहाटे मी नेऊन पोचवतो तुला."

"मला कुणी पोचवायचं नाहीये. मला जायचंय." तिने हात पुढे केला. "तुझ्या गाडीची किल्ली दे."

दादाला आधी ती थट्टा वाटली. त्याची गाडी पांढरी, मोठी, तीन वर्षांची. तिच्या स्टिअरिंगमागे त्याच्याशिवाय आजवर कुणी बसलं नव्हतं. "तुला झेपायची नाही ती," तो म्हणाला.

"ब्रेक नसलेली गाडी मी आज उतारावर थांबवलीय. ब्रेक असलेली झेपेल."

तेव्हा तिचा नवरा बोलला. इतका वेळ तो टायरांच्या ढिगाजवळ उभा होता, मांडीवर रसाचा डाग घेऊन. "द्या, दादा," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी दिवे सात वेळा लागले होते. आठ नाही."

दादाने किल्ली तिच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. तिने उचलली.

एक तारखेला पहाटे पाचला ती दादाच्या घरी पोचली तेव्हा गाडीतला दिवा चालू होता आणि दुसऱ्या किल्लीने दार उघडून दादा शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसला होता, आंघोळ करून, केस विंचरून.

"पहिला दिवस आहे, सोबत येतो," तो म्हणाला. "रस्ता अंधाराचा आहे."

"उतर."

"अगं, मी बोलणार नाही एक शब्द."

"तुझा पाय बोलतो. उतर, दादा."

तो उतरला. तिने आरसे लावले, सीट पुढे ओढली, बॉनेट उघडून सगळं नजरेखालून घातलं आणि मग निघाली. गाडी मोठी होती, पण सरळ होती. ब्रेक दाबला की लागायचा, सोडला की सुटायचा. एवढी साधी गोष्ट महिनाभर तिला आपल्या नशिबात नाही असं वाटत होतं.

पावणेसहाला फाटकावरच्या पहारेकऱ्याने नोंदीसाठी गाडीची कागदपत्रं मागितली. तिने समोरचा कप्पा उघडला. कागदांबरोबर एक छोटं पुस्तक हाती आलं, गाडीच्या सर्व्हिसिंगचं. गाडी जिथून घेतली त्या शोरूमचे शिक्के, प्रत्येक वेळेला. एकही सर्व्हिसिंग दादाच्या हातचं नाही. हवासुद्धा तिथेच भरलेली. छापील यादीत, दोन ठिकाणी, एक ओळ होती: ब्रेक फ्लुइड, बदलले. दोन्ही पानांखाली दादाची सही होती, शेपटीवाली. सही केली होती, वाचलं नव्हतं.

ती गाडी आत उभी करत होती तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस? वास वगैरे नाही ना आला?"

"दादा, तुझ्या गाडीचं सर्व्हिसिंग कोण करतं?"

"शोरूमला देतो. का गं? काही लागलं का गाडीला?"

"घरी का करत नाहीस? अर्ध्या दिवसाचं तर काम."

"वेडी आहेस का? नवी गाडी आहे ती. तिला असा कुणी हात लावतं का?"

"आणि माझ्या गाडीला?"

मग दादा म्हणाला, "तुझी जुनी होती ना गं, मुंगी."

तिने फोन बंद केला. पुस्तक त्याच पानावर उघडं ठेवून शेजारच्या सीटवर टाकलं, जिथे तो आज बसणार होता.

दोन खिडक्यांच्या खोलीत सहा वाजायला सहा मिनिटं कमी असताना तिने रजिस्टरवर सही केली. रात्रपाळीच्या माणसाने किल्ल्यांचा जुडगा दिला, टाक्यांचे आकडे सांगितले, जांभई देत विचारलं, "बाई, आलात कशा एवढ्या पहाटे?"

"गाडीने."

तो गेल्यावर पहिले नमुने काढायच्या आधी तिने टेबलाचा खण उघडला. नमुन्यांच्या बाटल्यांवर लावतात ती कोरी, चिकट लेबलं होती. एक काढून, शाई पाण्याने पुसली जात नाही अशा पेनाने, तिने आपल्या बारीक सरळ अक्षरात लिहिलं:

हे ऑइल नाही. मालकिणीला विचारल्याशिवाय झाकण उघडू नये.

खाली तारीख घातली आणि सही केली. घरातल्या नावाची नाही, पूर्ण नावाची. विटेच्या रंगाची गाडी मामाकडून परत आली की ब्रेकच्या टाकीवर लावायचं, म्हणून लेबल जपून वहीत ठेवलं. त्या पानावर, जिथे चाकांचे आकडे होते. मग तिने पांढरा कोट चढवला आणि पाणी तपासायला घेतलं. राग अजून होताच. पण आता तो भांड्यांवर निघणार नव्हता.